जुन्या गाडीच्या इंजिनातली टिकटिक : टॅपेट, मॅनिफोल्ड की टायमिंग चेन?

सुकाणू
नमस्कार मंडळी. गाडी १७ वर्षांची, १.६ लिटर पेट्रोल, चार सिलेंडर, ट्विन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे), टायमिंग चेनवाली (ते दांडे फिरवणारी साखळी). १ लाख ९२ हजार किमी झालेत. बाबांची गाडी, त्यांच्यानंतर मी चालवतोय, त्यामुळे "विकून टाक" हा सल्ला कृपया देऊ नका.

त्रास असा की गेल्या तीन-चार महिन्यांपासून सकाळी सेल्फ मारला की आधी दोन-तीन सेकंद खरखर होते, साखळी डब्यात हलवल्यासारखी, मग ती जाते आणि मागे टिक टिक टिक राहते. रेस दिली की टिकटिक पण जोरात पळते. गाडी दहा मिनिटं चालवली की जवळजवळ ऐकूच येत नाही. ऑइल लेव्हल बरोबर आहे, ऑइल प्रेशरचा दिवा लगेच विझतो, चेक इंजिनचा दिवा नाही, पिकअप आणि मायलेज आहे तसंच आहे.

गॅरेजमध्ये नेली तर तिथल्या माणसाने बोनेट उघडून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला चेन गेली, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, रिंगा-पिस्टन पण बघून घेऊ. मी गाडी परत आणली. नुसतं ऐकून असं सांगता येतं का? आणि घरच्या घरी मी काय काय तपासू शकतो? हत्यारं बऱ्यापैकी आहेत, वेळ पण आहे.

पाचवागिअर
वाचतोय. माझ्या गाडीतही अशीच टिकटिक आहे.

तेलकटबोटं
सुकाणू, गाडी परत आणलीत ते उत्तम केलंत. ३० वर्षं हेच काम करतोय, आणि थंड इंजिन न ऐकता चेनचा निकाल देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. गॅरेजला पोचेपर्यंत तुमचं इंजिन गरम झालं असणार, म्हणजे मुख्य आवाज त्याने ऐकलाच नाही.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे आवाज दिसतात, आणि ते वेगळेच धरा. पहिला सेल्फ मारल्यावरची खरखर. चेन ताठ ठेवणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पंप भरेपर्यंत चेन सैल असते, ती गाइडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, आपटते. टेन्शनर थकला किंवा चेन वाढली की हा वेळ आणि आवाज दोन्ही वाढतात. पण नुसत्या ऑइल फिल्टरनेही हे होतं बरं का. फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून. ती कडक झाली किंवा फिल्टर हलक्या दर्जाचा असला की रोज सकाळी इंजिनाची वरची बाजू कोरडी. म्हणून सगळ्यात आधी चांगला फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल. जाड ऑइल घालून आवाज दाबायचा उद्योग करू नका, थंडीत जाड ऑइल वर चढायला आणखी उशीर लावतं, म्हणजे चेन आणखी वेळ कोरडी आपटणार.

दुसरा आवाज टिकटिकीचा. थंडीत मोठा आणि गरम झाल्यावर गायब, हे ऐकलं की माझा हात आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलेंडरांतून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या नळ्यांकडे, जातो. गास्केट जळालेलं असतं किंवा तो आवळणारा एखादा स्टड (बोल्ट) तुटलेला असतो, त्या फटीतून प्रत्येक वेळी गॅस फुटतो आणि हुबेहूब टॅपेटसारखा टिक ऐकू येतो. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज बंद. मॅनिफोल्डचं पत्र्याचं कव्हर काढा आणि टॉर्च मारून हेडच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसतो का बघा. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हवरची फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत की चकत्यांनी फट ठरवायचे शिमवाले टॅपेट?

सुकाणू
धन्यवाद दादा. मॅन्युअलप्रमाणे शिमवाले. फट इनटेक ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.२५ ते ०.३५ मिमी असं लिहिलंय, इंजिन थंड असताना.

तेलकटबोटं
मग लिफ्टरमध्ये ऑइल भरायचा प्रश्न नाही. आणि शिमवाल्या टॅपेटची टिकटिक गरम झाल्यावर कमी होईल पण पूर्ण जाणार नाही. मॅनिफोल्ड बघाच.

निळावंती
सुकाणू, एक सोपी गोष्ट करून बघा, आवाज मोजा. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. आयडलला ८०० आरपीएम असेल तर क्रँक मिनिटाला ८०० वेळा आणि एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा हलणार. कानाने एवढं मोजता येत नाही, म्हणून मी फोनवर १० सेकंद रेकॉर्ड करते आणि पावपट वेगाने ऐकते. १० सेकंदात ६६-६७ टिक आले तर ते कॅमच्या वेगाचं काहीतरी, १३३ च्या आसपास आले तर क्रँकच्या वेगाचं, म्हणजे खालची बाजू, बेअरिंग वगैरे. दोन्हीत बसत नसेल तर बहुतेक इंजिनाच्या बाहेरचं काहीतरी.

मी हे शिकले ते अनुभवाने. माझ्या गाडीचं टॅपेट कव्हर दोनदा उघडून झालं, सेटिंग दोनदा झालं, टिकटिक तशीच. शेवटी मोजली तर आरपीएम वाढवलं तरी टिकचा वेग वाढतच नव्हता. ती पर्ज व्हॉल्व्हची टिकटिक होती, पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो तो. त्याची नळी बोटांनी दाबल्यावर बोटांना ठोके लागत होते. व्हॉल्व्ह बिघडला नव्हता, तो तसाच वाजतो.

घनगर्द
निळावंतीताई, मोजायची कल्पना आवडली पण त्यावर फार भिस्त ठेवू नये असं वाटतं. एका सिलेंडरचा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर पण दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, फुटक्या मॅनिफोल्डमधून गॅस पण दोन फेऱ्यांत एकदाच सुटतो, ढिला पिस्टन पण पॉवर स्ट्रोकलाच जास्त आपटतो. म्हणजे ६६ आले की टॅपेटच, असं नाही.

निळावंती
बरोबर आहे घनगर्द, मान्य. मोजणीने आरोपी सापडत नाही, पण पर्ज व्हॉल्व्ह, अल्टरनेटर, आयडलर पुली अशी बाहेरची मंडळी सुटतात. मला तेवढं आधी कळलं असतं तर दोन गास्केटं वाचली असती.

घनगर्द
हे पटलं. आणि सिलेंडर शोधायला मी पुढची पायरी सांगतो. सुकाणू, तुमचं जुनं पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेकच्या नळीत फवारणारं) असेल तर इंजेक्टरचे वायरचे प्लग वरच दिसतील. इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा प्लग काढा आणि आवाज ऐका. एखाद्या सिलेंडरला आवाज एकदम मऊ झाला तर दाब आणि ज्वलनाशी संबंध आहे, म्हणजे मॅनिफोल्ड लीक, पिस्टन किंवा रॉड बेअरिंग. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्हची बाजू किंवा चेन. इग्निशन कॉइल काढून हे करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. आणि डिझेलवाल्यांनी ही पोस्ट वाचून कॉमन रेलचे पाइप सैल करायला जाऊ नये, त्यात हजार बारच्या वर प्रेशर असतं, कातडी फाडून आत जातं.

वाटसरू
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐका. आमचे फिटर मामा तसंच ऐकायचे आणि कुठला टॅपेट ते बोट ठेवून सांगायचे.

तेलकटबोटं
वाटसरू, स्क्रूड्रायव्हर चालतो, पण मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो तो घ्या, हात आणि डोकं फॅनपासून लांब राहतं. बाह्या दुमडा, गळ्यात काही लोंबतं ठेवू नका, आणि इलेक्ट्रिक फॅन कधीही सुरू होतो हे लक्षात असू द्या. मॅनिफोल्डसाठी मात्र स्टेथोस्कोपची दांडी काढून नुसती रबरी नळी फिरवायची, गॅस सुटतोय तिथे नळीतून फट फट असं थेट कानात येतं.

ऐकताना क्रम ठेवा. टॅपेट कव्हरवर चार ठिकाणी, मग चेन कव्हरवर वर, मध्ये आणि खाली, मग ऑइल संपजवळ (इंजिनाच्या तळाचा ऑइलचा डबा). धातूतून आवाज सगळीकडे पळतो, त्यामुळे "इथे ऐकू येतंय" याला अर्थ नाही, "इथे सगळ्यात कडक ऐकू येतंय" याला आहे.

पाचवागिअर
मला एक कळत नाही, चेन तर आयुष्यभर चालते ना? टायमिंग बेल्ट बदलायचा असतो, चेनला काही करायचं नसतं, म्हणून तर मी चेनवाली गाडी घेतली.

मधुराव
पाचवागिअर, हा समज फार पसरलाय आणि त्यापायी बरीच इंजिनं गेली. चेन बेल्टसारखी अचानक तुटत नाही सहसा, पण झिजते, आणि झिजते कशी हे समजून घेण्यासारखं आहे.

आपण म्हणतो चेन ताणली, पण पोलाद रबरासारखं ताणत नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती बुश. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये जी बुश-रोलर चेन बनवली तिची रचना अजून तीच आहे. पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, मध्ये ऑइलचा थर असतो. ऑइल जुनं झालं, त्यात काजळी आणि बारीक कण आले की तेच ऑइल पॉलिश पेपरचं काम करतं. समजा एका सांध्यात फक्त ०.०२ मिमी झीज झाली. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण चेनला १५० कड्या असतील तर एकूण लांबी ३ मिमी वाढली.

आता त्याचा टायमिंगवर परिणाम बघा. क्रँक कॅमला ज्या बाजूने ओढतो ती बाजू महत्त्वाची, उरलेली ढील टेन्शनर खातो. ओढणाऱ्या बाजूला ६० कड्या धरल्या तर वाढ १.२ मिमी. कड्यांमधलं अंतर ८ मिमी आणि कॅमच्या चक्राला ३६ दात धरा. एक दात म्हणजे कॅमचे १० अंश, तर १.२ मिमी म्हणजे दीड अंश, क्रँकवर तीन अंश. एवढा कॅम मागे पडला. गाडी चालते, पण खालच्या आरपीएमला जरा मरगळते. आपल्याला ते जाणवत नाही कारण हे रोज थोडं थोडं होत वर्षानुवर्षं चाललेलं असतं.

खरा धोका पुढचा आहे. टेन्शनरचा दट्ट्या शेवटपर्यंत बाहेर आला की त्यापुढची ढील घ्यायला कोणी नसतं. मग चेन गाइडचं प्लास्टिक खाते, त्याचे तुकडे संपमध्ये पडून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात आणि एखाद्या सकाळी चेन दात सोडते. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत येतात तिथे एक-दोन दातांत व्हॉल्व्ह वाकतात.

पाचवागिअर
मधुकाका, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ऑइल वेळेवर बदलणं हीच चेनची देखभाल.

मधुराव
हो. आणि लेव्हल. दोन सर्व्हिसच्या मधे डिपस्टिक न बघणारे खूप आहेत, जुनं इंजिन थोडं ऑइल पितं, लेव्हल खाली जाते, आणि सगळ्यात आधी उपाशी राहतो तो टेन्शनर.

रानवारा
बेल्टच बरा मग. ठरलेल्या किलोमीटरला बदलला की शांत झोप. आणि आवाज पण नाही.

वाटसरू
रानवारा, बेल्ट न सांगता तुटतो. चेन निदान बोलते तरी.

रानवारा
बोलते, पण ऐकणारा पाहिजे ना! आणि काही इंजिनांत चेन मागे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली असते, बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल घ्या, तिथे चेनपर्यंत पोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं. बेल्ट कधी असा मागे पाहिलाय?

घनगर्द
बेल्ट-चेनचा वेगळा धागा काढा की राव, इथे सुकाणूच्या गाडीचं बघू.

सुकाणू
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी वेळ काढून सांगेल असं वाटलं नव्हतं. आज पहाटे उठून केलेलं सांगतो.

मोजलं, आयडल ७५०, दहा सेकंदात ६२ टिक, म्हणजे कॅमचा वेग. आरपीएमबरोबर वाढतो. इंजेक्टरचे प्लग एकेक काढले, १, २, ३ ला काहीच नाही, ४ नंबरचा काढल्यावर टिकटिक जवळजवळ बंद! मग इंजिन गार होऊ दिलं, मॅनिफोल्डचं कव्हर काढलं, आणि चौथ्या सिलेंडरच्या मागच्या बाजूला काजळीचा पंखा पसरलेला आहे, बोट फिरवलं तर काळं झालं. तिथला स्टड हेडच्या पातळीला तुटलाय, नट कव्हरच्या कोपऱ्यात पडलेला सापडला. तेलकटबोटं दादा, तुम्ही न बघता सांगितलंत.

स्टेथोस्कोप आणला. टॅपेट कव्हरवर चारही ठिकाणी सारखा शिवणयंत्रासारखा बारीक आवाज. गरम इंजिनवर चेन कव्हरशी काही विशेष नाही. पण थंड सेल्फला भावाला गाडी सुरू करायला सांगून मी चेन कव्हरवर दांडी धरली, आणि ती खरखर तिथूनच येते, याबद्दल आता शंका नाही.

तेलकटबोटं
मस्त काम केलंत. तुटलेला स्टड काढताना घाई नको. दोन-तीन दिवस रोज गंज सोडवायचं तेल मारा, हेड ॲल्युमिनियमचं आहे, घाईत स्टड काढायला त्यात घुसवतात तो कडक स्क्रू आत तुटला तर तो ड्रिलने पण निघत नाही. जमत नसेल तर ज्याच्याकडे वेल्डिंगचा हात आहे त्याला द्या, तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो गरम असतानाच फिरवला की बहुतेक वेळा निघतो. बसवताना सगळे स्टड, नट आणि गास्केट नवीन.

चेनसाठी आता फिल्टर आणि ऑइल बदला. जुना फिल्टर टाकू नका, कापून त्याचा कागद पांढऱ्या कापडावर उलगडून बघा. प्लास्टिकचे तुकडे दिसतात की चकाकणारी धातूची भुकटी, तेवढं इथे कळवा.

निळावंती
आणि इंजिनाचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर मिळाला तर लावून बघा. दिवा नसला तरी पेंडिंग कोड, म्हणजे दिवा लागण्याआधीची नोंद, असू शकतो. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, पी००१७ दुसऱ्या कॅमसाठी. पण कोड नाही म्हणजे चेन ठीक असं धरू नका, कोड यायला बरीच झीज व्हावी लागते.

घनगर्द
कोड आला तरी लगेच चेन धरू नका हेही सांगायला हवं. सेन्सरची वायर, व्हेरिएबल टायमिंगचा ऑइल सोलेनॉइड, घाण ऑइल, यांनीही तोच कोड येतो.

सुकाणू
दहा दिवसांनी लिहितोय. स्टड वेल्डिंगनेच निघाला. मॅनिफोल्ड बसवल्यावर टिकटिक संपली, मी दोनदा बंद करून सुरू केली, विश्वास बसेना.

फिल्टर बदलून खरखर तीन सेकंदांवरून एकावर आली, पण गेली नाही. कापलेल्या फिल्टरमध्ये धातू नाही, पण तपकिरी प्लास्टिकचे पाच-सहा तुकडे, तांदळाच्या कणीएवढे, नखाने दाबले तर मोडतात. कोड नाही. ऑइल फिलरमधून चेन दिसते, तिला बोटाने दाबून बघितलं पण सैल किती म्हणायची ते कळलं नाही.

मधुराव
ते तपकिरी तुकडे गाइडचेच असणार. बोटाने कळत नाही, कारण टेन्शनर त्या वेळी कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या इंजिनात टेन्शनर बाहेरून दोन बोल्टवर आहे का? असेल तर काढून दट्ट्या किती बाहेर आलाय ते बघा, त्याला मागे जाऊ न देणाऱ्या रॅचेटचे किती दात उरलेत ते मोजा. पण दोन गोष्टी पाळा. टेन्शनर बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही, आणि परत बसवताना दट्ट्या आत ढकलून पिन लावूनच बसवायचा. एरवीसुद्धा हाताने फिरवायचं तर इंजिन फिरतं त्याच दिशेने, उलटं नाही, उलटं फिरवलं की ढील चुकीच्या बाजूला येते आणि चेन दात सोडू शकते.

सुकाणू
काढला. दट्ट्या जवळजवळ पूर्ण बाहेर, रॅचेटचे दोनच दात शिल्लक.

तेलकटबोटं
मग विचार करायचा नाही, चेन करा. नुसता टेन्शनर बदलू नका, नवा टेन्शनर जुन्या चेनची ढील थोडे दिवस लपवतो इतकंच. चेन, दोन्ही-तिन्ही गाइड, टेन्शनर, पुढचं ऑइल सील, आणि चक्रांचे दात एका बाजूला झुकलेले दिसले तर चक्रंही. संप उघडून पंपाची जाळी साफ. रिंगा-पिस्टनला हात लावायची काहीही गरज नाही. कॅम लॉक करायची हत्यारं नसतील तर करणाऱ्याकडे आहेत का आधी विचारा, कारण काही इंजिनांत क्रँकवरचं चक्र चावीवर (खाचेतल्या पाचरीवर) नसून नुसत्या बोल्टच्या दाबावर बसतं, तिथे खुणा करून काम करणारा हमखास चुकतो. आणि बसवून झाल्यावर सेल्फ मारायच्या आधी पाना लावून हाताने क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्या फिरवायच्या, कुठे अडलं तर तिथेच थांबायचं.

सुकाणू
काम झालं. ज्या मेकॅनिकने स्टड काढला त्यांनीच केलं, मी दोन दिवस शेजारी उभा होतो. त्यांनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी लटकवली, जुनी अर्ध्या कडीएवढी खाली, पट्टीने मोजली तर ४ मिमी. टेन्शनरच्या बाजूच्या गाइडला चेनच्या दोन रेघा इतक्या खोल गेल्यात की नख बसतं, आणि वरच्या टोकाचा तुकडा नव्हताच, तो पंपाच्या जाळीवर सापडला.

आज सकाळी रात्रभर उभी गाडी सुरू केली. खरखर नाही, टिकटिक नाही. आईने खिडकीतून विचारलं, सुरू झाली का रे? बाबा असताना ती आवाजावरून ओळखायची.

मधुराव
वाचून फार बरं वाटलं. नवीन चेनचं पहिलं ऑइल जरा लवकर बदला, जाळीपर्यंत न पोचलेले गाइडचे बारीक तुकडे अजून आत असतील.

तेलकटबोटं
क्रँकचा बोल्ट नवीन घातला ना? बऱ्याच इंजिनांत तो एकदा आवळला की परत वापरायचा नसतो.

सुकाणू
हो दादा, नवीनच. मॅन्युअलप्रमाणे आधी टॉर्क आणि मग ९० अंश. मी स्वतः खूण करून बघितली.

पाचवागिअर
मी पण आज मॅनिफोल्डचं कव्हर काढून बघितलं, काजळी नाही. उद्या पहाटे रेकॉर्ड करतो आणि मोजून इथे टाकतो.